तळ्यातला गणपती, पण तळं कुठाय?

आमची आजी 'सारसबागेत जाऊन येते' असं कधीच म्हणाली नाही. ती जायची 'तळ्यातल्या गणपतीला'. लहानपणी मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. गणपती कसब्यात असतो, दगडूशेठचा असतो, तसा तळ्यातला असतो, बास. पुढे कॉलेजात नगरचा एक रूममेट मिळाला. त्याला मी पहिल्यांदा सारसबागेत नेलं, तेव्हा देवळाभोवतीच्या छोट्याशा कमळांच्या हौदाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "हे तळं? ह्यात गणपती?" पुणेरी बाणा जागृत झाला, पण उत्तर काही देता आलं नाही. :-)

तर मंडळी, ह्या वीकांताचा विषय: ते तळं. कुणी केलं, कशासाठी केलं, त्यात लोक मजा काय करायचे, आणि ते गेलं कुठे? शेवटचा प्रश्न वाटतो तितका ऐतिहासिक नाही. २०१९ च्या सप्टेंबरात तो बऱ्याच पुणेकरांच्या घरात शिरला होता. त्याकडे येतोच.

आधी थोडं लांबून सुरुवात करतो (सवयच आहे, ह. घ्या.). जगात छोटी तळी तयार कशी होतात? उत्तरेकडच्या थंड देशांत त्याचं ठरलेलं उत्तर म्हणजे हिमनदी. बॉस्टनला ऑनसाईट असताना एका रविवारी मी वॉल्डन पाँडला एक पूर्ण चक्कर मारून आलो. हो, तेच ते थोरोचं. शेवटचं हिमयुग सरताना हिमनदी मागे हटली आणि जाताना बर्फाचा एक प्रचंड ठोकळा वाळू-गोट्यांत पुरून ठेवून गेली. तो हळूहळू वितळला, आणि जो खळगा राहिला ते हे तळं. साठेक एकरांचं, म्हणजे तसं चिमुकलंच, पण खोली १०२ फूट! ही खोली थोरोनं स्वतः १८४६ साली बर्फाला भोकं पाडून, दोरीला दगड बांधून मोजली होती, कारण गावातले लोक ह्या तळ्याला बूडच नाही असं छातीठोकपणे सांगत. (प्रत्येक गावातल्या तळ्याबद्दल हे सांगतातच. आपल्याकडे त्यात सोन्याचा नांगरही असतो.)

थोरोला शांतता मिळाली त्याच तळ्याच्या काठी १८६६ साली रेल्वे कंपनीनं सहलींसाठी बाग उघडली: झोपाळे, होड्या, नाचायला मंडप. बॉस्टनहून आगगाड्या भरभरून लोक यायचे. १९०२ साली ती बाग जळाली आणि पुन्हा बांधली नाही. आज तिथे उन्हाळ्यात लोक पोहतात, पोरं वाळूत किल्ले करतात. आणि आपल्याशी एक मजेशीर धागा: बॉस्टनच्या आसपासच्या तळ्यांवरचा बर्फ करवतींनी कापून, भुशात गुंडाळून, जहाजानं १८३० च्या दशकापासून कलकत्ता आणि मुंबईला विकायला येत असे. मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉयांनी पाहुण्यांना आईस्क्रीम खिलवलं आणि सगळ्यांना सर्दी झाली, असं सांगतात.

आता तुम्ही म्हणाल, पुण्याचा ह्याच्याशी काय संबंध? संबंध फरकाचा आहे. वॉल्डनला येऊन मिळणारा एकही ओढा नाही. पाणी जमिनीखालून झिरपत येतं आणि झिरपतच जातं. ओढा नाही म्हणजे गाळ नाही. म्हणून ते दहा हजार वर्षांहून जास्त काळ टिकून आहे, कुणी काही 'मेन्टेनन्स' न करता.

आपल्याकडे असं तळं असणं शक्य नाही. आपल्या पायाखाली आहे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर पसरत गेलेला लाव्हा. त्यावर हिमनदी कधी फिरलीच नाही. महाराष्ट्रात हिमनदीच्या खुणा बघायच्या तर पार चंद्रपूरकडे जायला हवं. तिथे पेनगंगेच्या काठी इरई गावाजवळ चुनखडीच्या खडकावर समांतर ओरखडे आहेत, बर्फात अडकलेल्या दगडांनी घासत नेलेले. फेडन नावाच्या भूवैज्ञानिकानं १८७५ साली त्यांबद्दल लिहिलं. पण ते बर्फ जवळजवळ तीस कोटी वर्षांपूर्वीचं, आपला भूभाग दक्षिण ध्रुवाच्या जवळपास असतानाचं! चंद्रपूरच्या मे महिन्यात उभं राहून ह्यावर विश्वास ठेवायला बरीच श्रद्धा लागते. दुसरं नाव घ्यावं असं निसर्गनिर्मित तळं म्हणजे लोणार, पण तो उल्केचा प्रताप.

थोडक्यात काय, दख्खनच्या पठारावर तळं हवं असेल तर ते स्वतः करावं लागतं. ओढा शोधायचा, बांध घालायचा, पावसाची वाट बघायची. पुण्यातली एकूण एक तळी अशीच आहेत. पाषाणचं तळं इंग्रजांनी राम नदी अडवून केलं, गणेशखिंडीतल्या गव्हर्नरसाहेबांच्या बंगल्याला (म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीला) पाणी मिळावं म्हणून. कात्रजचं पेशव्यांनी केलं. आणि पर्वतीचंही पेशव्यांनीच.

*

काळ १७५० च्या आसपासचा. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली पर्वतीवर देवदेवेश्वराचं देऊळ बांधलं. त्याच सुमारास दोन मोठी पाण्याची कामं चालू होती. एक म्हणजे कात्रजचा तलाव आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून आणलेला नळ. दुसरं म्हणजे पर्वतीच्या पायथ्याशी आंबील ओढ्याला बांध घालून केलेलं तळं.

आंबील ओढा हे नाव ज्यांना फक्त टीव्हीवरच्या बातम्यांतून माहीत आहे त्यांच्यासाठी: हा ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो आणि उत्तरेला येऊन मुठेला मिळतो. जुनं कसबे पुणे हे दोन ओढ्यांच्या मध्ये वसलेलं गाव. पूर्वेला नागझरी, पश्चिमेला आंबील ओढा. आज आपण ज्याला 'गावात जाणं' म्हणतो, त्या पेठांच्या भागातून तो वाहायचा. पावसाळ्यात फुगायचा आणि गावाला त्रास द्यायचा. पेशवाईत पुणं राजधानी झालं, माणसं वाढली, वाड्यांना जागा हवी झाली. ओढा मध्ये येत होता. मग त्याला पर्वतीपाशी अडवलं, पश्चिमेकडे वळवलं आणि आजच्या दांडेकर पुलाच्या बाजूनं मुठेत सोडलं. सदाशिव पेठ, नारायण पेठ वगैरे पुढे पसरल्या त्या ओढा हटल्यामुळेच पसरू शकल्या.

म्हणजे बघा, एका कामात तीन कामं. पूर टळला, गावाला जमीन मिळाली आणि एक देखणं तळं मिळालं. असल्या डिझाईनला आमच्या धंद्यात पार्टी देतात. मला व्यक्तिशः नानासाहेब ह्या माणसाबद्दल फार कुतूहल आहे. पानिपताच्या धक्क्यानं १७६१ मध्ये पर्वतीवरच ज्यांचा अंत झाला, एवढीच त्यांची ओळख आपल्या मनात असते. पण ज्या पुण्यात आपण राहतो, त्याचा नकाशा बराचसा ह्या माणसानं काढलाय.

तळ्याबद्दल एक गोष्ट सांगतात. काम फार रेंगाळलं होतं. नानासाहेब एकदा हत्तीवरून पाहणीला आले, कारभाऱ्यांना विचारलं तर नेहमीची उत्तरं. (प्रोजेक्ट स्टेटस 'यलो' म्हणा ना.) तेव्हा ते काही न बोलता अंबारीतून उतरले आणि स्वतः दगड उचलून टाकायला लागले. पेशवे दगड उचलतायत म्हटल्यावर मागचे सरदार, मानकरी कसे उभे राहणार? सगळे लागले कामाला. खरं-खोटं गणपतीला ठाऊक. मला ती खोटीच असावीशी वाटते, कारण मॅनेजरबद्दलच्या इतक्या चांगल्या गोष्टी सहसा खऱ्या नसतात.

तळ्याच्या मध्ये साधारण पंचवीस हजार चौरस फुटांचं बेट तसंच राखलं होतं. त्यावर बाग केली, तीच सारसबाग. म्हणजे मूळची सारसबाग ही आजच्या सारसबागेचा जो उंचवटा आहे तेवढीच. बाकीची हिरवळ, जिथे आपण भेळ खात लोळतो, ती तळ्याचा तळ आहे! पुढच्या वेळी गेलात की नीट बघा. देवळाला जायला तुम्ही पायऱ्या चढता. हा चढ म्हणजे बेटाचा काठ. इथे होडी लागत असणार.

बेटावर गणपती आला तो १७८४ साली, सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत. सवाई माधवराव तेव्हा दहा वर्षांचे होते, त्यामुळे निर्णय कुणाचा हे वेगळं सांगायला नको. नाना फडणवीस होतेच. तेव्हापासून हा 'तळ्यातला गणपती', आणि तळं गेल्यावरही तो तळ्यातलाच राहिला. सदाशिव पेठेत हौद न बघता हौदाचा पत्ता सांगणारी माणसं आहेतच की. शहरातल्या नावांचं 'रिनेम' सहसा कुणी करत नाही, केलं तरी कुणी वापरत नाही.

तळ्यावर नौकाविहार चालायचा. ह्याबद्दलची आख्यायिका फक्कड आहे. राजकारणातली अगदी गुप्त खलबतं पेशवे होडीत बसून करत म्हणे. तळ्याच्या मध्यावर भिंत नाही, म्हणून भिंतीला कान नाहीत. आणि वल्हवायला मुद्दाम हबशी ठेवलेले, मराठी न कळणारे. हे ऐकायला फार छान वाटतं, पण वर्षानुवर्षं पुण्यात राहून ज्याला मराठी कळत नाही असा माणूस... बरं, ह्यावर न बोललेलं बरं. हिंजवडीतले मित्र वाचतायत. ;-)

काठाला आणखी एक करमणूक होती: पेशव्यांचा शिकारखाना. सवाई माधवरावांना प्राण्यांचा भारी षोक. वाघ, सिंह तर होतेच, पण गेंडाही होता. आणि ही मात्र आख्यायिका नाही. गंगाराम तांबट नावाच्या पुण्याच्या चित्रकारानं १७९० साली ह्या गेंड्याचं चित्र काढलं, ते आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. इंग्रजांचा पुण्यातला वकील चार्ल्स मॅलेट ह्याच्या आश्रयानं गंगारामनं बरंच काम केलं. मला ह्या चित्राबद्दल जे वाटतं ते कदाचित चित्रकलेच्या जाणकारांना पटणार नाही, पण सांगतो. त्यात रुबाब नाही. तो एक बिचारा, जाडजूड, घरापासून फार लांब आलेला प्राणी आहे. आसामच्या बाजूचा गेंडा, पुण्यात, आणि त्याचा धनी सोळा वर्षांचा मुलगा, जो स्वतःही आपल्या वाड्यात फारसा मोकळा नव्हता. १७९५ साली सवाई माधवराव शनिवारवाड्यात गेले. १८१८ मध्ये पेशवाई गेली. तळं मात्र राहिलं.

*

आता तळं मेलं कसं, ते. हा भाग मला सगळ्यात रोचक वाटतो, आणि इतिहासाच्या पुस्तकांत तो एका ओळीत उरकलेला असतो. 'पुढे तळे गाळाने भरले.' संपलं!

आंबील ओढा बारमाही नाही. पावसाळ्याचे चार महिने उड्या, बाकी वर्ष झोप. कात्रजच्या उतारावरून पहिल्या पावसाचं पाणी येतं ते चहाच्या रंगाचं असतं, कारण त्यात माती असते. वेगात असेपर्यंत पाणी ती माती वाहून नेतं. तळ्यात शिरलं की पाणी थांबतं, माती खाली बसते, वरचं निवळलेलं पाणी सांडव्यावरून पुढे जातं. दर वर्षी तळाशी थोडीशी भर. प्रोग्रॅमरांना हे लगेच कळेल: हा मेमरी लीक आहे. एका रनमध्ये काही कळत नाही, पहिली पन्नास वर्षं सगळं झकास चालतं. मग एक दिवस लक्षात येतं की तळं दिसतंय तेवढंच, पण त्यात पाणी मावत नाहीये. त्यावर उपाय एकच, उन्हाळ्यात तळं कोरडं करून गाळ उपसायचा. त्याला माणसं लागतात, पैसा लागतो, आणि मुख्य म्हणजे ते तळं आपलं आहे असं वाटणारा कुणीतरी धनी लागतो.

कात्रजला पेशव्यांच्या लोकांनी ह्याचा विचार केला होता. तिथे वर एक आणि खाली एक अशी दोन तळी आहेत. वरच्यात गाळ बसायचा आणि बऱ्यापैकी स्वच्छ पाणी खालच्यात उतरायचं. तिथून नळात. नळही साधासुधा नाही, दगड-चुन्याचा, आत माणूस चालू शकेल एवढा बोगदा. मध्येमध्ये हवा खेळायला आणि साफसफाईला उच्छ्वास, म्हणजे वर उघडणाऱ्या विहिरीसारख्या जागा. वाटेत गाळ बसायला पुन्हा सोय. शेवटी शनिवारवाडा आणि गावातले हौद. पंपाशिवाय, निव्वळ उतारावर. आजही रस्ता किंवा पाया खणताना हा नळ लागला की पेपरात फोटो येतो, आणि 'पुरातन भुयार सापडले' असा मथळा.

इंग्रज आल्यावर तळ्याचा धनी गेला. तरी पाण्यासाठी त्याची गरज होती तोवर थोडंफार लक्ष राहिलं असतं. पण १८७० च्या दशकात खडकवासल्याचं धरण झालं, कालव्यानं पाणी आलं, मग नळ आले. घरात नळ आला की माणूस विहिरीत डोकवायचं बंद करतो. (हे बहुतेक सगळ्या जुन्या पाणवठ्यांचं मृत्यूचं कारण आहे. परकीय आक्रमण वगैरे नंतर.) तळं उथळ झालं, त्यात गवत, मग दलदल, मग डास. १८९७ साली रोनाल्ड रॉसनं हिवताप आणि डास ह्यांचं नातं दाखवून दिल्यावर तर शहरातलं साचलेलं पाणी म्हणजे नगरपालिकांचा जाहीर शत्रूच झालं. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात पर्वतीचं तळं संपलं. पाणी काढलं, भराव पडला, मैदान झालं.

आजच्या डोक्यानं त्यांना शिव्या घालणं सोपं आहे. 'हेरिटेज बुजवली!' वगैरे. पण हिवतापानं घरातली माणसं जात असताना पायथ्याशी डासांचं तळं राखा असं मी तरी म्हटलं नसतं. त्यांनी एक खरा प्रश्न सोडवला. फक्त ते तळं दुसरा एक प्रश्न गेली दीडशे वर्षं गुपचूप सोडवत होतं, ह्याची नोंद कुठल्याच डॉक्युमेंटमध्ये नव्हती.

*

करमणूक मात्र त्या जागेतून गेली नाही. १९५३ साली तळ्याच्या एका भागावर पेशवे पार्क झालं. म्हणजे शिकारखाना परत आला म्हणा. १९५६ मध्ये फुलराणी सुरू झाली. आमच्या पिढीच्या पुणेकरांना वाघ-सिंह आठवतात त्याहून जास्त ती झुकझुक गाडी आठवते. एका छोट्या तळ्यात बोटिंगही होतं, आणि तेव्हा मला कुणी सांगितलं असतं की इथेच पेशवे बोटिंग करायचे, तर मी अजून एक फेरी मागितली असती. १९६० च्या दशकात महापालिकेनं बेटाभोवतीची आजची सारसबाग केली. हिरवळ, कमळांचा हौद, बाहेर भेळ-पावभाजीची चौपाटी. तळं नाही पण चौपाटी आहे, हा विनोद पुण्यात कुणाला लक्षात येत नाही कारण पावभाजी चांगली असते.

थंडीत गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घालतात, आणि त्याचा फोटो दर वर्षी पेपरात येतो. दिवाळी पाडव्याच्या पहाटे अख्खं तरुण पुणं नवे कपडे घालून ह्या हिरवळीवर येतं. पहाटे पाचला हिरवळीवर पाय ठेवायला जागा नसते. ऑनसाईटवाल्यांना विचारा, दिवाळीत सगळ्यात जास्त काय आठवतं. फराळ कुरिअरनं मिळतो, हे मिळत नाही.

मग १९९९ मध्ये कात्रजला राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत पेशवे पार्कातले प्राणी तिकडे हलवले. पिंजरे लहान, शहराचा गोंगाट, निर्णय योग्यच होता. पण नकाशावर बघा काय झालं ते. ते प्राणिसंग्रहालय कात्रजच्या तलावाच्या काठी आहे. त्याच्या एकशेतीस एकरांतले बेचाळीस एकर तर तो तलावच आहे. नानासाहेबांनी पाणी कात्रजहून पर्वतीकडे आणलं होतं, अडीचशे वर्षांनी आम्ही प्राणी पर्वतीहून कात्रजला नेले. एकाच ओढ्याच्या दोन टोकांना.

*

आणि आता तो ओढा.

तळं गेलं, पण ओढ्याला कुणी ते कळवलं नाही. तो येतच राहिला. दरम्यान कात्रज, आंबेगाव, धनकवडी, बिबवेवाडी ही गावं उपनगरं झाली. डोंगराच्या उतारावर इमारती चढल्या. जिथे पावसाचं पाणी जमिनीत मुरायचं तिथे काँक्रीट आलं, त्यामुळे तेवढ्याच पावसाचं जास्त पाणी आणि जास्त वेगानं ओढ्यात उतरायला लागलं. ओढ्याची रुंदी मात्र उलट कमी होत गेली. दोन्ही बाजूंनी भिंती, भराव, सोसायट्या, झोपड्या, वर पूल. दांडेकर पुलापाशी राहणारी बरीचशी माणसं म्हणजे शहराची धुणीभांडी करणारी, रिक्षा चालवणारी, शहराला दुसरी जागा देता आली नाही म्हणून ओढ्याच्या काठी राहिलेली. त्याच भागात २७ सप्टेंबर २०१८ ला मुठा उजवा कालवा फुटला आणि भर दिवसा घरं वाहून गेली.

जवळजवळ एक वर्षानं, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, कात्रजच्या डोंगरावर काही तासांत प्रचंड पाऊस झाला. कात्रजचा तलाव भरून वाहिला आणि आंबील ओढा अंधारात गावावर आला. अरण्येश्वरच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. सहकारनगर, पद्मावती, बिबवेवाडी, दांडेकर पूल, पार्किंगमधल्या गाड्या खेळण्यांसारख्या एकमेकींवर चढल्या. त्या रात्रीच्या पावसानं पुणे शहर आणि परिसरात वीसहून अधिक लोकांचा जीव घेतला. त्या रात्री मी कोथरूडला कोरड्या घरात होतो. सकाळी टीमच्या ग्रुपवर एकाचा मेसेज आला, 'आज डब्ल्यूएफएच, तळमजला गेला.' खाली फोटो होता. सोफ्याच्या उंचीपर्यंत चहाच्या रंगाचं पाणी.

हिशोब करायची सवय जात नाही. एक एकर तळं घ्या, एक मीटर खोल. त्यात सुमारे चाळीस लाख लिटर पाणी मावतं. अशा काही एकरांचं तळं अचानक आलेला लोंढा पूर्ण थांबवू शकत नाही, पण त्याचा शेंडा छाटू शकतं. एका तासात येणारं पाणी चार तासांत सोडू शकतं. इनपुट बेभरवशाचं असेल तर मध्ये बफर लागतो, हे फर्स्ट इयरच्या पोरालाही ठाऊक असतं. आपण बफर काढून टाकला, त्यावर बाग केली, आणि मग पाईपही अरुंद केला.

आता हे लिहिल्यावर कुणीतरी नक्की म्हणणार, 'मग सारसबाग खणून परत तळं करायचं का?' नाही हो. ओढा आता त्या जागी तसा येत नाही, आणि गणपतीला पुन्हा होडीनं जायला लावलं तर आमच्या सोसायटीतले ज्येष्ठ नागरिक मोर्चा काढतील. पण ओढ्याच्या वरच्या अंगाला ज्या मोकळ्या जागा अजून शिल्लक आहेत, तिथे पाण्याला दोन तास बसायला जागा ठेवणं, आणि ओढ्याची रुंदी कागदावर आहे तेवढी जमिनीवर ठेवणं, हे अशक्य नाही. ज्याचा मला राग येतो ते वेगळंच आहे. ओढा मोकळा करायचा म्हटलं की पहिला बुलडोझर दांडेकर पुलाच्या झोपड्यांवर येतो. जून २०२१ मध्ये ऐन पावसाळ्यात, करोनाच्या काळात तो आला. लोक रस्त्यावर आले, आणि कोर्टानं पाडापाडी थांबवली. वरच्या अंगाला ओढ्याच्या कडेपर्यंत पोचलेल्या पक्क्या भिंतींना मात्र नोटिशीच्या पुढे सहसा काही होत नाही.

पाषाणचीही गोष्ट थोड्याफार फरकानं हीच आहे. राम नदीतून सांडपाणी येतं, जलपर्णी माजते, ती काढायला मशिनं येतात, पुढच्या वर्षी पुन्हा जलपर्णी. एकेकाळी थंडीत तिथे परदेशी बदकांचे थवे बघायला शाळेच्या सहली यायच्या. पक्षीवाले मित्र अजूनही पहाटे दुर्बिणी घेऊन जातात, पण परत आल्यावर पूर्वीइतकं बोलत नाहीत. त्यावर वेगळा लेख होईल, आज नको.

ज्यांना हे सगळं पायी बघायचंय त्यांच्यासाठी: सकाळी लवकर पर्वती चढा. वरून उत्तरेकडे बघितलंत की खाली झाडांचा जो हिरवा तुकडा दिसतो, ते तळं. डावीकडे खाली दांडेकर पूल, तिथून ओढा मुठेकडे जातो. मग गाडी काढून कात्रजला जा. प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. आत तलावाच्या बाजूनं चाललात की पेशव्यांच्या बांधाचं काम कुठेकुठे नजरेला पडतं. पावसाळ्यात जाल तर पाणी चहाच्या रंगाचं असेल.